बसून पाहिलेला बर्गर

या, असे पुढे सरका. मागे बसलात तर अर्धं ऐकू येईल आणि उरलेलं अर्धं तुम्ही मनाने रचाल, आणि ही गोष्ट मनाने रचण्यासारखी नाही. आज तुम्हाला एका बर्गरचं आख्यान सांगणार आहे. हसलात? हसा, हसा. आख्यान राजाचंच असावं असा काही देवाचा हट्ट नाही. एक बर्गर, त्याच्यावर टांगलेला एका बाईचा जीव, आणि त्याचा निकाल तिच्या भावाच्या जिभेवर. ऐका तर.

ती बाई म्हणजे ताई. एकोणीस वर्षं ती हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये रांधत होती. तिथे चवीवर राज्य डॉक्टरांचं. सूप पांढरं, पाव पांढरा, बटाटा उकडून उकडून आजाऱ्यापेक्षा जास्त फिकट. मीठ चिमटीने, मिरी नावापुरती, आणि कांदा परतायला घेतला की वरून निरोप यायचा, "वास येतोय, बंद करा." ताईने एकोणीस वर्षं निमूट ऐकलं. हात बटाटा कुस्करत होते आणि मनात मात्र भलताच स्वयंपाक चालू होता. मग एक दिवस तिने ॲप्रन घडी करून मॅनेजरबाईंच्या टेबलावर ठेवला, साठवलेलं सगळं काढलं आणि दातांच्या दवाखान्याशेजारी चार टेबलांची एक खोली घेतली. तिथे एकच पदार्थ मिळायचा. बर्गर.

पण कसला बर्गर! मश्रूम आणि अक्रोड हाताने कुटून केलेली टिक्की. सात तास मंद आचेवर गोड झालेला कांदा. दीड वर्ष मुरलेलं चीज. काकडीचं लोणचं ताईने घातलेलं, टोमॅटो ताईने भाजलेला, पाव पहाटे ताईनेच मळलेला, वर लोण्याचा हात. सगळं एकावर एक रचून वरून खाली एक लांब काडी खुपसलेली, म्हणजे पडू नये. आणि किंमत? चांगल्या चामड्याच्या बुटांचा जोड येईल एवढी.

किंमत ठरवली होती ताईच्या नवऱ्याने. भाऊजी आधी शाळेत भूगोल शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांना वर्णनाची हौस भागवायला वर्ग उरला नव्हता, म्हणून त्यांनी मेन्यूकार्ड हाती घेतलं. पदार्थ एक आणि कार्ड चार पानांचं. कांद्याबद्दलच दीड पान. "शांत उतारावर, सकाळच्या उन्हात वाढलेला कांदा." ताई म्हणाली, "अहो, कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलाय." भाऊजी म्हणाले, "दुकान उतारावरच आहे."

आता इथे जरा थांबू. देवाने माणसाला तोंड दिलं, पण तेही मापाने दिलं. आपली तीन बोटं एकावर एक धरा आणि तोंडात उभी घालून बघा. मावतात. चौथं जात नाही. करून बघा, लाजू नका, सगळेच करतायत. झालं? तर माणसाचं तोंड तीन बोटांचं, आणि ताईचा बर्गर नऊ बोटांचा! मधल्या सहा बोटांचं काय करायचं ते ना कार्डात लिहिलं होतं, ना कुणी विचारलं होतं.

लोक यायचे. बर्गर समोर आला की आधी फोटो काढायचे. मग काडी उपसायचे, आणि तो डोलारा कलायचा. मग सुरी-काटा घेऊन इकडून पाव, तिकडून टोमॅटो असं करत बसायचे. शेवटी तोंड पुसून म्हणायचे, "छान आहे हं." आणि पुन्हा कधी फिरकायचे नाहीत.

ताईला त्या "छान आहे हं"ची धास्ती बसली. हॉस्पिटलातलं पांढरं सूप पिऊनसुद्धा आजारी माणसं असंच म्हणायची. नवऱ्याला विचारलं तर तो वर्णन करायचा. शेजारचे दातांचे डॉक्टर रोज दुपारी यायचे, पण ते भले गृहस्थ. कुणाचं मन दुखवण्यापेक्षा दाढ दुखवणं त्यांना सोपं.

आणि अशात शनिवारी मॅनेजरबाईंचा फोन आला. "तुझ्या जागी आलेली बाई गेली. परत यायचं असेल तर उद्या दुपारपर्यंत सांग, नाहीतर मी दुसरी बघते."

ताई रात्रभर विचार करत राहिली. सकाळी उठली आणि म्हणाली, "दाबूला बोलावते. तो खाईल आणि सांगेल. पैसे वसूल म्हणाला तर राहीन. नाही म्हणाला तर उद्यापासून बटाटे."

दाबू म्हणजे तिचा धाकटा भाऊ. सोफे आणि गाद्या भरणारा. हे नाव त्याला लहानपणीच पडलं, कारण दिसेल ती वस्तू तो अंगठ्याने दाबून बघायचा. उशी असो, पाव असो, पाहुण्यांच्या बाळाचा गाल असो. धंद्यात तर त्याचा नियमच होता: भरलेली एकही बैठक स्वतः बसून पाहिल्याशिवाय दुकानाबाहेर जाऊ द्यायची नाही. आधी टेकायचं, मग तीनदा हलायचं, मग डोळे मिटून थांबायचं. भरण जागेवर बसलं की त्याच्या नाकातून आपोआप "हं" निघायचा. तो "हं" निघेपर्यंत गिऱ्हाईक उभं.

आणि खरं बोलण्याचं म्हणाल, तर तो एक आजारच होता त्याला. लग्नानंतर पहिल्यांदा सासरी गेला, सोफ्यावर टेकला, तीनदा हलला आणि सासऱ्यांना म्हणाला, "बाबा, तुम्हाला कुणीतरी फसवलंय. आत चिंध्या आहेत." सोफा सासऱ्यांनी स्वतः भरला होता.

त्यामुळे ताईचा निरोप आला तेव्हा दाबूने हातातलं काम बाजूला ठेवलं. शिलाई मशीनवर खोळी शिवत बसलेली त्याची बायको म्हणाली, "हे बघा, एवढं एकदा खोटं बोला. ताईंनी तुम्हाला हाताला धरून शाळेत नेलंय."

"बोलतो," दाबू म्हणाला.

"बोलून दाखवा. म्हणा, बर्गर फारच सुंदर झालाय."

"बर्गर..." दाबूच्या कपाळावर घाम आला. "अगं, मी अजून खाल्लाच नाही, मग कसं म्हणू?"

"झालं!" बायकोने मशीन बंद केली. "मीच येते बरोबर. कोपर मारत जाईन."

रविवारी बाराला दोघं पोचली. खोलीत गिऱ्हाईक म्हणून एकटे दातांचे डॉक्टर, कोपऱ्यात, गळ्याला रुमाल बांधून. ताईने भावाकडे बघितलं आणि म्हणाली, "आलास? बस. आणि हे बघ, माझ्याकडे बघून खाऊ नकोस. मॅनेजरबाईंना एकपर्यंत कळवायचंय. खरं सांगायचं. खोटं बोललास तर मला कळेल, तुझे कान लाल होतात."

दाबूच्या बायकोने हातातली पर्स खाली ठेवली. कोपराचा बेतच बारगळला.

भाऊजींनी दोन्ही हातांनी बर्गर आणला. तो टेबलावर ठेवल्यावर दाबूला समोर बसलेली बायको दिसेना.

"हा," भाऊजी घसा साफ करत म्हणाले, "नुसता बर्गर नव्हे. पायथ्यापासून सुरुवात केली तर प्रथम आपल्याला लागतं..."

"अहो, त्याला खाऊ द्या," ताई आतून म्हणाली.

दाबूने आधी अंगठ्याने पाव दाबला. पाव खाली गेला आणि पुन्हा वर आला. "लवचीक आहे," तो म्हणाला. ताईने आत श्वास रोखून धरला.

मग त्याने काडी काढली, बर्गर दोन्ही हातांत धरला आणि तोंड उघडलं. वर गेला तर वरचा पाव नाकाला लागला, खाली आला तर खालचा हनुवटीला. शेवटी त्याने डोळे मिटून हल्ला केला. मागच्या बाजूने टिक्की निसटली. टोमॅटो उडाला तो थेट डॉक्टरांच्या रुमालावर. कांदा बाहीत शिरला. दाबूच्या हातात दोन पाव उरले आणि तोंडात, खरं सांगायचं तर, हवा.

"डावीकडून घ्या," बायको म्हणाली.

"डावीकडे काही उरलंच नाही!"

"काही हरकत नाही," डॉक्टर टोमॅटो उचलत म्हणाले. "रोज होतं. मी जुना बनियन घालून येतो."

दाबूने मग निमूट बशीत पडलेलं एकेक उचलून खाल्लं. टिक्की खाल्ली. क्षणभर चावायचाच थांबला. बाहीतला कांदा खाल्ला. चीज खाल्लं. लोणच्याची फोड खाल्ली. पाव खाल्ला. प्रत्येक घासाला त्याच्या भुवया वर जात होत्या आणि तरी कपाळावरची आठी काही सुटत नव्हती. ताई दारात येऊन उभी राहिली. हात ओले, पुसायचं भान नाही.

"काय?" ती म्हणाली.

"ताई," दाबू म्हणाला, आणि थांबला. बायकोने टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. "ताई, ह्या कांद्यासारखा कांदा मी जन्मात खाल्ला नाही. टिक्की तर... टिक्कीबद्दल मी बोलतच नाही."

"आणि बर्गर?"

"बर्गर मी खाल्लाच नाही. कांदा खाल्ला, टिक्की खाल्ली, पाव खाल्ला."

"म्हणजे पैसे वसूल की नाही?"

दाबूने तोंड उघडलं. 'हो' म्हणायचं त्याने ठरवलं होतं, देवाशपथ ठरवलं होतं. पण बाहेर आलं ते असं: "मी जरा हात धुऊन येतो."

ताईने मान डोलावली. तिला काय समजायचं ते समजलं. ती भाऊजींना हळूच म्हणाली, "अहो, एक बांधून द्या त्यांना घरी न्यायला. शेवटचाच म्हणा."

भाऊजींनी दुसरा बर्गर जाड कागदात गुंडाळला, वरून दोरीची गाठ मारली. टेबलावर ठेवायला जागा कुठली? तिथे टोमॅटोचा पूर आलेला. म्हणून त्यांनी ते पुडकं दाबूच्या खुर्चीवर ठेवलं आणि फडकं आणायला गेले.

इकडे दाबू तोंडावर पाणी मारून मारून स्वतःलाच रागवत होता. एवढंसं खोटं जमत नाही तुला, दगडा! बहीण परत बटाटे कुस्करायला जाणार. डोळ्यांत साबण गेला होता, तसाच चाचपडत तो परत आला, खुर्ची सापडली, आणि बसला.

आता तुम्ही-आम्ही काय केलं असतं? बुडाखाली काहीतरी मऊ लागलं की किंचाळून उठलो असतो. पण हा बावीस वर्षं गाद्या भरणारा माणूस! खाली भरलेलं काही लागलं की त्याचं डोकं काम करायचं थांबायचं आणि अंग कामाला लागायचं. तो टेकला. तीनदा हलला. आणि डोळे मिटून थांबला.

दाबूच्या बायकोने दोन्ही हात तोंडावर नेले. डॉक्टर उभे राहिले. फडकं घेऊन आलेले भाऊजी जागच्या जागी पुतळा झाले.

"भरण अव्वल आहे," दाबू डोळे मिटूनच म्हणाला, "पण बांधलेलं नव्हतं. आता बसतंय."

"अरे, उठ!" भाऊजी ओरडले. "उठ, तो बर्गर आहे!"

"थांबा. अजून नाही झालं."

"दीड वर्ष मुरलेलं चीज आहे ते!"

"भाऊजी, मधे बोलू नका."

आणि मग निघाला. सबंध खोलीला ऐकू आला. "हं."

मग मात्र त्याने डोळे उघडले, सगळ्यांचे चेहरे बघितले, आणि उठला तो जवळजवळ छताला लागला. खुर्चीवर पुडकं होतं. फाटलं नव्हतं. कागद भक्कम, गाठ शाबूत. फक्त उंची गेली होती.

"ताई," दाबू पुडक्याकडे बोट दाखवत म्हणाला. "ताई, माझ्याकडून..."

रडायचं की हसायचं हे ताईचं ठरत नव्हतं, त्यामुळे तोंड नुसतंच वाकडं झालं होतं.

"अन्न आहे," दाबूची बायको हळूच म्हणाली. "टाकायचं नाही. तुम्ही बसलात, तुम्हीच खा."

दाबूने कान धरून माफी मागावी तशा चेहऱ्याने गाठ सोडली. आत बर्गर होता. सपाट, नीटस, तीन बोटांचा. कांद्याचा रस पावात उतरला होता, चीजने टिक्कीला मिठी मारली होती, लोणचं आपापल्या जागी गप्प बसलं होतं. त्याने उचलला. काही सांडलं नाही. तोंड उघडलं. मावला. चावला.

आणि मंडळी, दाबू थांबला. पहिल्यांदाच कांदा, टिक्की, चीज, टोमॅटो, लोणचं आणि पाव, सगळी एका वेळी त्याच्या तोंडात एकत्र आली होती. एकोणीस वर्षं जे त्या बाईच्या मनात शिजत होतं ते सगळं एका घासात. त्याने दुसरा घास घेतला. तिसरा घेतला. कुणाकडे बघितलं नाही, कुणाला विचारलं नाही. बायको म्हणाली, "मला द्या की थोडा," तर त्याने चक्क पाठ फिरवली. बावीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा!

शेवटचा तुकडा गेला. कागदाला लागलेलं चीज त्याने बोटाने पुसून खाल्लं. मग खिशात हात घातला, पाकीट काढलं, आणि बुटांच्या जोडाची किंमत टेबलावर ठेवली. हा तो माणूस, जो खिळे वाकले तर ठोकून सरळ करून पुन्हा वापरायचा.

"हे काय?" ताई म्हणाली. "भावाकडून कोण घेतं?"

"ठेव. पैसे वसूल आहेत."

ताईने पुढे होऊन त्याचे कान बघितले. नेहमीच्याच रंगाचे होते. तिला हुंदका आला, पण ती लगेच सावरली. "अरे, पण हा तू बसलेला. तो आधीचा?"

"तो नाही. तो माल होता. हा बर्गर आहे."

एवढ्यात डॉक्टर पुढे आले. "माफ करा," ते म्हणाले, "मलाही एक असाच हवाय. बसलेला."

"डॉक्टर!" भाऊजी दुखावले. "ही भोजनाची जागा आहे. आम्ही गिऱ्हाइकांच्या बर्गरवर बसत नाही!"

"मग यांना विचारा. हे बसतील."

"मी रोज कसा येणार?" दाबू म्हणाला. "दुकान आहे मला."

"रोज बसणार नाही कुणीच," ताई म्हणाली. ती आत गेली होती. तिने नवा बर्गर रचला, कागदात घट्ट गुंडाळला, त्यावर कणीक मळायचा लाकडी पाट ठेवला आणि पाटावर दोन्ही तळवे टेकून अंगाचा भार सोडला. एकोणीस वर्षं बटाटे कुस्करलेले हात ते! "दाबू, कधी थांबायचं?"

"मला विचारू नकोस. डोळे मीट. हाताखालचं हलायचं थांबलं की कळतं."

ताईने डोळे मिटले. खोलीत सगळे गप्प. भाऊजीसुद्धा गप्प, यावरून काय ते समजा. दाबूला सांगावंसं वाटत होतं, त्याने ओठ दाताखाली धरले. आणि मग ताईच्या नाकातून, अगदी बारीक, तिच्या नकळत आला. "हं."

डॉक्टरांनी तो उभ्याउभ्याच खाल्ला. मधे एकदा त्यांनी "जबड्याचा सांधा..." असं काहीतरी म्हणायला सुरुवात केली, पण वाक्य पुरं करण्यापेक्षा घास महत्त्वाचा ठरला. संपल्यावर ते बोलले ते भलतंच. "तुम्ही मला चार महिने कसला डोंगर खायला घालत होता हो?"

"छान आहे, छान आहे म्हणत कोण होतं?" ताई म्हणाली.

डॉक्टर खाली बघायला लागले. मग जरा मिश्कीलपणे भाऊजींना म्हणाले, "उंची तिसऱ्या हिश्शावर आली, मग किंमत?"

"वजन तेवढंच आहे!" भाऊजी गरजले.

"गादी बांधली की बुटकी होते," दाबू म्हणाला, "स्वस्त होत नाही."

डॉक्टरांनी पूर्ण किंमत दिली आणि दवाखान्यातल्या नर्ससाठी आणखी एक सांगितला. दाबूच्या बायकोने स्वतःसाठी एक सांगितला आणि नवऱ्यापासून लांबच्या टेबलावर जाऊन बसली.

एकला पाच कमी होते. ताईने हात कोरडे केले आणि फोन लावला. "मॅनेजरबाई, मी बोलतेय. नाही, परत नाही येत. हो, विचार करून सांगतेय." मग पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं, कारण ताई गालात हसली. "बर्गर कसा असतो? ते मी कसं सांगू? तुम्ही या, खा, आणि आवडला नाही तर तोंडावर सांगा. छान आहे म्हणालात तर बिल दुप्पट."

तेव्हा मंडळी, आता उठा, पाय मोकळे करा. पण घरी गेल्यावर कुणी ताट पुढे ठेवून, ओले हात तसेच धरून दारात उभं राहील आणि विचारेल, "कसं झालंय?" तेव्हा घाईघाईने उत्तर देऊ नका. घास नीट चावा. आणि ज्या देवाने जीभ दिलीय त्या देवाला स्मरून, त्या दारात उभ्या असलेल्या ताईची एकदा आठवण काढा.